अरेस्टने खाल्लेली ओळ : म्युकरच्या एका मृत्यूचं कोडिंग

पुरुष, वय ५२, किराणा दुकानदार. टाइप २ मधुमेह दहा वर्षांपासून, गोळ्या चालू, साखर कधी आटोक्यात, कधी नाही. १४ एप्रिल २०२१ ला आरटीपीसीआर पॉझिटिव्ह. कोविड केंद्रात बारा दिवस, त्यातले पाच दिवस ऑक्सिजनवर. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं, त्या काळात साखर साडेतीनशेच्या वर. २६ एप्रिलला घरी सोडलं. २८ तारखेपासून उजवा गाल दुखायला लागला, घरच्यांना वाटलं दाढ असेल. ४ मे रोजी दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात आणलं तेव्हा उजवा डोळा सुजून मिटलेला आणि टाळूवर काळा डाग. नाकातून घेतलेल्या नमुन्याच्या केओएच या बुरशी शोधण्याच्या तपासणीत रुंद, पडदे नसलेले बुरशीचे तंतू, म्हणजे म्युकर, लोकांच्या भाषेत काळी बुरशी. कोविडची चाचणी आता निगेटिव्ह. ७ मे रोजी दुर्बिणीतून सायनसची सफाई, ११ मे रोजी डोळा खोबणीसकट काढावा लागला. बुरशीवरचं औषध लायपोसोमल अँफोटेरिसिन बी मिळेल तेव्हा, मिळेल तेवढं. १७ मेच्या पहाटे मृत्यू.

हे प्रकरण कुणा एकाचं नाही. त्या उन्हाळ्यात राज्यातल्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये अशा फायलींची चळत लागली होती आणि त्यांच्यात जे सारखं होतं ते घेऊन हे प्रकरण रचलं आहे. कायद्याची कलमं, फॉर्म, कोड आणि सरकारी आदेश मात्र जसे आहेत तसे दिले आहेत.

पहाटेच्या ड्यूटीवरच्या रेसिडेंटने फॉर्म ४ भरला. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १० खाली मृत्यूच्या कारणाचं जे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यायचं असतं, ते रुग्णालयातल्या मृत्यूसाठी फॉर्म ४ वर आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी फॉर्म ४ ए वर देतात. त्यावर असं लिहिलेलं होतं :

भाग १ (अ) कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट
(ब) सेप्टिक शॉक
(क) राइनो-ऑर्बिटो-सेरेब्रल म्युकरमायकोसिस
भाग २ : टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब
आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ : (कोरा)

यात एकही शब्द खोटा नाही. तरी हा फॉर्म चुकलेला आहे, आणि तो चुकला पहिल्याच ओळीत. फॉर्मवरच छापलेलं असतं की इथे मृत्यू घडवणारा आजार, इजा किंवा गुंतागुंत लिहा, मरणाची पद्धत लिहू नका. हृदय आणि श्वास थांबणं म्हणजेच मरणं, ते प्रत्येकाचंच होतं. तरीही आपल्याकडच्या कोणत्याही रुग्णालयातला फॉर्म ४ चा गठ्ठा उघडा, वरच्या ओळीत अरेस्ट सापडतोच. हाउसमनशिपमध्ये वरच्या बॅचने दाखवलेलं असतं, पुढे तीच सवय कन्सल्टंट झाल्यावरही राहते.

एरवी या सवयीने फारसं बिघडत नाही, कोडर, म्हणजे लिहिलेल्या कारणाला ठरलेला कोड लावणारा माणूस, अरेस्टकडे दुर्लक्ष करून खालच्या ओळीवर जातो. इथे बिघडलं, कारण आपल्या फॉर्म ४ च्या भाग १ मध्ये ओळी तीनच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यात चार असतात. अरेस्टने एक ओळ खाल्ली, सेप्टिक शॉक (संसर्गामुळे रक्तदाब कोसळणं) आणि म्युकर उरलेल्या दोन ओळींत बसले, आणि म्युकर कशावरून झाला हे लिहायला कागदावर जागाच उरली नाही. रेसिडेंटच्या डोक्यात कोविड होता की नव्हता, ते फॉर्मवरून कळत नाही. नव्हता म्हणावं तर रिपोर्ट निगेटिव्ह होता, रुग्ण नॉन-कोविड वॉर्डात होता, आणि तीन आठवड्यांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड दुसऱ्याच संस्थेचं होतं.

मृत्यूचं कोडिंग आयसीडीच्या, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या, दहाव्या आवृत्तीने होतं. तिचा कणा १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून तोच आहे : एका मृत्यूला एकच मूळ कारण. मूळ कारण म्हणजे ज्याने घटनांची साखळी सुरू केली तो आजार. शेवटचा धक्का कशाने दिला हे त्यात मोजत नाहीत. नियम साधा आहे. भाग १ मधल्या सगळ्यात खालच्या भरलेल्या ओळीतला आजार वरच्या सगळ्या ओळी घडवू शकत असेल, तर तोच घ्यायचा. इथे खालची ओळ म्युकर. म्युकरमुळे सेप्टिक शॉक येऊ शकतो, त्यामुळे अरेस्ट येऊ शकतो. साखळी जुळते. कोड बी ४६.१, राइनोसेरेब्रल म्युकरमायकोसिस. काम झालं.

आता हीच साखळी नीट लिहिली असती तर :

(अ) सेप्टिक शॉक, २ दिवस
(ब) राइनो-ऑर्बिटो-सेरेब्रल म्युकरमायकोसिस, १९ दिवस
(क) कोविड-१९, ३३ दिवस
भाग २ : टाइप २ मधुमेह, १० वर्षं

खालची ओळ कोविड, म्हणून कोड यू ०७.१. माणूस, आजार, पहाट सगळं तेच. फक्त एका ओळीमुळे मृत्यू बुरशीजन्य आजारांच्या गटातून उठून विशेष प्रयोजनांच्या बाविसाव्या प्रकरणात गेला. हे प्रकरण अचानक उगवणाऱ्या आजारांसाठी राखून ठेवलेलं असतं. यू ०७.१ चा शेजारी यू ०७.० हा ई-सिगारेटमुळे होणाऱ्या विकारांचा कोड आहे, आणि तोही कोविडच्या थोडाच आधी तिथे आला. विषाणू चाचणीत सापडला तर यू ०७.१, नुसता लक्षणांवरून संशय असेल तर यू ०७.२.

मग कोडरने स्वतःच कोविड धरला तर काय बिघडलं? फायलीत आरटीपीसीआरचा कागद आहे, डिस्चार्ज कार्ड आहे. बिघडतं. मृत्यूचा कोडर फाइल वाचत नाही. महाराष्ट्रात फॉर्म ४ आधी निबंधकाकडे आणि तिथून पुढे राज्याच्या आरोग्य माहिती व जीवनविषयक आकडेवारीच्या यंत्रणेकडे जातो. तिथल्या टेबलावर फक्त तो एक कागद असतो. आणि समजा फाइल समोर असती, तरीही डॉक्टरने न लिहिलेला आजार प्रमाणपत्रात घालण्याचा अधिकार कोडरला नाही. तो विचारू शकतो, एवढंच. रुग्णालयातून फॉर्म बाहेर पडण्याआधी रेकॉर्ड सेक्शनने डॉक्टरला चिठ्ठी पाठवायला हवी होती : काळाचा रकाना कोरा आहे, म्युकरचं कारण लिहिलेलं नाही, भरून द्या. मे २०२१ मध्ये असं विचारायला कुणाला उसंत होती, हा प्रश्नच आहे. मृतदेह ताब्यात देण्यासाठी फॉर्म लागायचा आणि बाहेर नातेवाईक ताटकळलेले असायचे.

डॉक्टरला विचारलं असतं तर त्याने काय उत्तर द्यायचं, हेही सोपं नव्हतं. म्युकरचे दावेदार तीन : अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइड आणि कोविड. मधुमेह हा भारतात म्युकरचा जुना सोबती, कोविडच्या आधीही इथे म्युकर दिसायचा तो प्रामुख्याने मधुमेहींतच. त्यामुळे एखादा ईएनटीवाला म्हणेल, मूळ कारण मधुमेहच. स्टेरॉइडबद्दल आयसीडीची वृत्ती अशी आहे की एखाद्या आजारावर योग्य म्हणून दिलेल्या औषधामुळे गुंतागुंत झाली, तर साधारणपणे तो मूळ आजारच मोजायचा. म्हणजे स्टेरॉइडचा धागा ओढला की पुन्हा कोविडच हाती येतो. कोविडसाठी जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्येच सांगून ठेवलं होतं : कोविडशी सुसंगत आजारातून झालेला मृत्यू हा कोविडमुळे झालेला मृत्यू, कोविडशी संबंध जोडताच येणार नाही असं दुसरं स्पष्ट कारण, उदाहरणार्थ अपघाती इजा, नसेल तर. आणि आजार व मृत्यू यांच्यामध्ये पूर्ण बरं झाल्याचा काळ असता कामा नये. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, बंगळुरूच्या संस्थेने २०२० मध्ये भारतीय डॉक्टरांसाठी काढलेलं मार्गदर्शनही त्याच वळणाचं : मधुमेह, रक्तदाब हे सहआजार, त्यांना मूळ कारणाच्या ओळीत बसवू नका.

सगळं येऊन ठेपतं ते ‘पूर्ण बरं’ या दोन शब्दांवर. या रुग्णाला २६ एप्रिलला सोडलं आणि २८ ला गाल दुखायला लागला. दोन दिवसांच्या या फटीला पूर्ण बरं होणं म्हणायचं का? माझ्या मते नाही. साखर चढलेलीच होती, स्टेरॉइडचा असर शरीरात होता, चालताना धाप लागते असं डिस्चार्ज कार्डावरच लिहिलेलं होतं. निगेटिव्ह आरटीपीसीआर म्हणजे नाकात विषाणू सापडला नाही, याहून जास्त काही त्यातून सिद्ध होत नाही. माझं मत फॉर्म भरणाऱ्या डॉक्टरवर बंधनकारक नाही, आणि तसं असूही नये.

इथे एक गुंता आहे, तो आपल्याकडे भल्याभल्यांना चकवतो. रुग्णालयाच्या रेकॉर्ड सेक्शनने याच मुक्कामाचं आजारपणाचं कोडिंग केलं, तेही आयसीडी-१० मधूनच, आणि त्यात मुख्य आजार लावला बी ४६.१. ते शंभर टक्के बरोबर आहे. आंतररुग्णाच्या कोडिंगचा प्रश्नच वेगळा : या मुक्कामात उपचार मुख्यतः कशासाठी लागले? म्युकरसाठी. कोविड तिथे पूर्वेतिहास किंवा कोविडोत्तर स्थिती म्हणून जोडकोडात जातो, त्यासाठी यू ०८ आणि यू ०९ हे गट नंतर आलेच. म्हणजे कोडांचं पुस्तक एक, रुग्ण एक, आणि मृत्यूसाठी यू ०७.१ व मुक्कामासाठी बी ४६.१ ही दोन्ही उत्तरं बरोबर. ऑडिटला येणाऱ्या एखाद्या साहेबांना या दोन कोडांत ‘विसंगती’ दिसते आणि मग खुलासा मागवणारं पत्र येतं. त्या पत्राला उत्तर देताना आयसीडीचा दुसरा खंड, नियमांचा, जवळ ठेवावा. कोडांची यादी असलेला पहिला खंडच बहुतेकांनी पाहिलेला असतो.

शस्त्रक्रियांचे कोड हा तिसराच कारभार. आयसीडी-१० मध्ये शस्त्रक्रिया नाहीतच. त्यासाठी आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांत आयसीडी-९-सीएमचा तिसरा खंड अजून कपाटात असतो. अमेरिकेने तो १ ऑक्टोबर २०१५ पासून सोडून दिला आणि आंतररुग्णांच्या शस्त्रक्रियांसाठी पीसीएस हा सात अक्षर-अंकी कोडांचा नवा संच घेतला. या फायलीवर इथमॉइड सायनसच्या सफाईला २२.६३ आणि खोबणीसकट डोळा काढल्याला १६.५१ पडले. नोंद म्हणून ठीक. पैसे मात्र या आकड्यांवर मिळत नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पैसे पॅकेजच्या कोडवर ठरतात, आणि पॅकेजची यादी ही दरांची यादी असते. म्युकरला योजनेत घेतल्याचं राज्य सरकारने मे २०२१ मध्येच जाहीर केलं, पण आमच्या रुग्णाची पहिली शस्त्रक्रिया ७ मेची होती. अशा वेळी जवळच्यातलं जवळचं सायनसचं पॅकेज घ्यायचं आणि क्वेरी आली की फोटो, बायोप्सी रिपोर्ट, ओटी नोट (शस्त्रक्रियेची लेखी नोंद) जोडत बसायचं. आणि औषधाचा खर्च शस्त्रक्रियेच्या कितीतरी वर गेलेला असायचा, तो भाग वेगळाच.

डिसेंबरात मृताचा मुलगा काउंटरवर आला. हातात दोन कागद होते. एक फॉर्म ४ ची खालची पट्टी, जी फाडून नातेवाइकांना देतात, आणि दुसरा नगरपालिकेचा मृत्यू दाखला.

“मॅडम, यावर कोरोना कुठेच नाही. ऑनलाइन अर्जात कारण विचारतायत.”

“दादा, दाखल्यावर कारण कधीच नसतं. कुणाच्याच नसतं.”

त्याचा विश्वास बसला नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. १९६९ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट आहे की मृत्यूच्या नोंदीचा उतारा देताना मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. माणूस टीबीने गेला की एड्सने, हे गावभर होऊ नये म्हणून ही तरतूद. फाडून दिलेल्या पट्टीवरही फक्त दाखल कधी झाला आणि मृत्यू कधी झाला एवढंच असतं. कारण असलेला वरचा भाग निबंधकाकडे गेलेला. म्हणजे ज्या कागदावर सगळं अवलंबून, तो घरच्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. २०२३ च्या दुरुस्तीने कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तशी सोय नव्हती.

अर्ज कशाचा, तर पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीचा. ३० जून २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला मदतीचे निकष ठरवायला सांगितलं, सप्टेंबरात प्राधिकरणाने ५०,००० रुपयांची शिफारस केली. ३ सप्टेंबरला केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि आयसीएमआरने कोविड मृत्यू कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं : चाचणीच्या किंवा निदानाच्या तारखेपासून ३० दिवसांत मृत्यू झाला तर तो कोविड मृत्यू, मग तो रुग्णालयाबाहेर का झाला असेना. आयसीएमआरच्या अभ्यासात ९५ टक्के मृत्यू २५ दिवसांच्या आत झालेले आढळले होते, म्हणून मुदत वाढवून ३० केली. त्याच मुक्कामात ३० दिवस उलटून मृत्यू झाला, तरीही धरायचा.

आमचा रुग्ण ३३ व्या दिवशी गेला. मुक्कामही तोच नव्हता, मध्ये आठ दिवस घरी. म्हणजे ३० दिवसांच्या कलमात तो तीन दिवसांनी चुकला आणि सलग मुक्कामाच्या कलमात त्या आठ दिवसांनी. उरला एकच दरवाजा : प्रमाणपत्रातच कोविड लिहिलेला असणं. आणि ती ओळ अरेस्टने खाल्लेली.

मुलाने काउंटरवर जे मागितलं ते अगदी स्वाभाविक होतं. डॉक्टरांना सांगा, कोरोना लिहून द्या. इथे रेकॉर्ड सेक्शनने दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही योग्य केल्या असं मला वाटतं. सात महिन्यांनी, मदतीच्या अर्जासाठी म्हणून, फॉर्म ४ नव्याने लिहून घ्यायला नकार दिला. आणि फाइल मात्र अडवली नाही : इंडोअर पेपर, डेथ समरी, केओएच आणि बायोप्सीचे रिपोर्ट, दोन्ही ओटी नोट यांच्या साक्षांकित प्रती त्याच आठवड्यात दिल्या. ४ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात न्यायालयाने म्हटलंच होतं की केवळ दाखल्यावर कोविडचा उल्लेख नाही म्हणून कोणत्याही राज्याने मदत नाकारायची नाही, आणि रुग्णालयांनी उपचारांची कागदपत्रं कुटुंबाला द्यायची. पहिल्या कोविड केंद्राचं डिस्चार्ज कार्ड मुलाकडे होतं. आरटीपीसीआरचा मेसेज वडिलांच्या फोनमध्ये होता, तो फोन सुदैवाने विकला नव्हता.

प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे गेलं. ३ सप्टेंबरच्या मार्गदर्शनानुसार या समितीत अतिरिक्त जिल्हाधिकारी, मुख्य आरोग्य अधिकारी, जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय असेल तर तिथले प्राचार्य किंवा मेडिसिनचे विभागप्रमुख, आणि एक विषयतज्ज्ञ. अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा. समितीने तारखा एकाखाली एक मांडल्या : १४ एप्रिल चाचणी, पाच दिवस ऑक्सिजन, २६ ला सुटी, २८ ला गालाचं दुखणं, ४ मेला टाळूवर काळा डाग. चौदाव्या दिवशी सुरू झालेला आजार माणूस जाईपर्यंत थांबलेला नाही, हे त्या रांगेत आपोआप दिसतं. मृत्यू कोविडमुळे झाल्याचा निर्णय दिला, दस्तऐवज मुलाच्या हाती आला, पैसे आईच्या खात्यावर जमा झाले.

समितीने कोड दुरुस्त केला असं मात्र कुणी समजू नये. मदत मिळणं आणि आयसीडीचं मूळ कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या कधीकधी उघड उलट दिशांना जातात. कोविडचं निदान झाल्यावर ३० दिवसांत ज्याने आत्महत्या केली, त्याच्या कुटुंबालाही मदत मिळेल असं केंद्राने न्यायालयात मान्य केलं. माणुसकीच्या दृष्टीने अगदी बरोबर. आकडेवारीत तो मृत्यू एक्स ६० ते एक्स ८४ या आत्महत्येच्या कोडांमध्येच राहतो, आणि राहायलाच हवा, नाहीतर महामारीच्या काळात आत्महत्या किती वाढल्या हे कुणालाच कधी मोजता येणार नाही.

उलट दिशेचं उदाहरण २०२० च्या देशभरच्या आकड्यांत आहे. त्या वर्षी नोंदवलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय प्रमाणपत्र मिळालेले फक्त २२.५ टक्के. तेवढ्यातच कोविडच्या कोडखाली १,६०,६१८ मृत्यू निघाले. रोजच्या बुलेटिनमधला देशाचा आकडा ३१ डिसेंबर २०२० ला दीड लाखाच्या किंचित खाली होता. सगळ्या देशाचं बुलेटिन एका बाजूला, पाचातल्या एका मृत्यूचे फॉर्म दुसऱ्या बाजूला, आणि फॉर्मचा आकडा मोठा. घाईत, अरेस्टसकट, काळाचा रकाना कोरा ठेवून भरलेले फॉर्म होते ते, तरीही.

जानेवारीत रुग्णालयाच्या मृत्यू परीक्षण बैठकीत ही फाइल आली. ईएनटीचे प्रमुख मधुमेहावर अडून बसले, मेडिसिनवाले कोविडवर, आणि दोघांचं मिटलं नाही. ठरलं एवढंच की (अ) ओळीत अरेस्ट लिहिलेला फॉर्म ४ रेकॉर्ड सेक्शनने स्वीकारायचा नाही, रात्री दोन वाजतासुद्धा, आणि काळाचा रकाना कोरा असेल तर ड्यूटीवरच्या रेसिडेंटला फोन करायचा. पहिल्या आठवड्यात रेसिडेंट वैतागले. या फाइलचा फॉर्म ४ आहे तसाच आहे, बी ४६.१.